दवाखान्यात जाण्याआधीचा कागद

दवाखान्याची पिशवी भरायची म्हटली की आपल्या घरात कसलीच कमतरता राहत नाही. दुपटी, लंगोट, टोपरे, थर्मास, आजवाइनचे पाणी, तस्बीह, शेजारणीने दिलेला दुआचा ताईत, सगळे आठवणीने घेतले जाते. बाळाला पहिले दूध कोण, कधी आणि कसे पाजणार, हे मात्र कुणी ठरवलेले नसते. ते आपोआप होईल असे आपण धरून चालतो. आम्हीही तसेच धरून चाललो होतो, आणि त्याची किंमत आमच्या भाचीने मोजली.

आमच्या बहिणीचे घर डिलाईल रोडच्या एका जुन्या चाळीत आहे. भाचीचे पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून ती तिथे आली. साल २०२२. लोअर परळचा पूल तेव्हा बंद होता. कळा सुरू झाल्यावर टॅक्सी वळसा घालून पुलापलीकडच्या एका नर्सिंग होममध्ये पोहोचेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. सिझेरियन झाले. मुलगा झाला, सगळे सुखरूप, अल्हम्दुलिल्लाह. पेढे वाटण्याच्या गडबडीत आम्ही कुणीच विचारले नाही की बाळ कुठे आहे. बाळ दुसऱ्या खोलीत होते. सहा तासांनी आईजवळ आले तेव्हा त्याचे पोट बाटलीतल्या पावडरच्या दुधाने भरलेले होते आणि ते गाढ झोपलेले होते. 'अजून दूध उतरलं नाही, आईला विश्रांती घेऊ द्या,' असे सांगण्यात आले. तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी भरली, तेव्हा बाळ तोंड वळवून रडू लागले. त्याला बाटलीची सवय झाली होती. महिनाभर भाची रडत रडत प्रयत्न करत राहिली आणि शेवटी डबा कायमचा घरात आला. 'आजकालच्या मुलींना दूधच येत नाही,' हे वाक्य तिने किती जणींच्या तोंडून ऐकले, त्याची गणती नाही. दूध येत होते. ते बाळापर्यंत पोहोचायचा रस्ता आम्ही पहिल्याच दिवशी बंद होऊ दिला होता.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात, पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळणारी बाळे ४१.८ टक्केच आहेत. म्हणजे आई दवाखान्यात असते, डॉक्टर-नर्स हाताशी असतात, तरी निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास असाच निघून जातो.

गेल्या वर्षी भाचीला पुन्हा दिवस गेले. आठव्या महिन्यात ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "खाला, या वेळी मला आधीच सगळं लिहून द्या. तिथे गेल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही." आम्ही पडलो शाळेतले शिक्षक. वेळापत्रक करणे आमच्या हाताला बसलेले. वहीतला एक कागद फाडला. एका बाजूला मराठीत लिहिले, नर्सताई आणि डॉक्टरांसाठी. दुसऱ्या बाजूला तेच उर्दूत, अम्मीसाठी, कारण अम्मीला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. त्या कागदात काय होते, ते तुमच्यासाठी इथे देत आहोत.

पहिली ओळ : बाळ जन्मताच पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि तासाभरात पाजायला घ्यावे. वजन, टोचणी, अंघोळ हे थोडे थांबू शकते. सिझेरियन पाठीत सुई देऊन होत असेल तर आई जागी असते. बाळाची तब्येत ठीक असेल तर तेव्हाही हे करता येते, फक्त नर्सचा किंवा घरच्या बाईचा हात धरायला हवा. पूर्ण भूल दिली असेल तर आई शुद्धीवर येताच.

दुसरी ओळ : पहिला चीक वाया घालवू नये. तो घट्ट, पिवळसर आणि थोडाच असतो. थोडा म्हणून अपुरा नसतो. पहिल्या दिवशी बाळाचे पोट गोटीएवढे असते, त्याला एका वेळी चहाचा एखादा चमचा पुरतो. रोगाशी लढायची शक्ती त्या चमच्यात असते. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उतरते, सिझेरियननंतर कधी थोडे उशिरा. तोवर बाळ वारंवार ओढत राहिले तरच ते वेळेवर उतरते. दूध उतरल्यावर पाजू, असे म्हणणे म्हणजे पोहायला आल्यावर पाण्यात उतरू म्हणण्यासारखे आहे.

तिसरी ओळ : बाळ रात्रंदिवस आईजवळच राहील. मागेल तेव्हा पाजायचे, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी बाळ तोंड उघडते, मान वळवते, मूठ चोखते.

चौथी ओळ : पहिल्या दिवशीच नर्सला पकड दाखवायला सांगावे. तोंड मोठे उघडलेले, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि नुसती बोंडी नव्हे तर भोवतीचा काळसर भागही तोंडात. सुरुवातीच्या क्षणानंतरही दुखत राहिले तर पकड चुकली आहे. करंगळीने हळूच सोडवून पुन्हा लावावे. टाके असतील तर कुशीवर झोपून किंवा बाळाला बगलेखाली धरून पाजावे, पोटावर भार येत नाही.

पाचवी ओळ : डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले तर तीन प्रश्न विचारावेत. कशासाठी? किती? किती दिवस? बाळ अशक्त असेल, रक्तातली साखर कमी असेल, तर खरोखर गरज पडते, आणि तेव्हा हट्ट करू नये. पण आधी आईचेच दूध हाताने काढून देता येईल का हे विचारावे, आणि जे द्यायचे ते वाटी-चमच्याने द्यावे, बाटलीने नको.

सहावी ओळ : दूध पुरते की नाही हे रडण्यावरून नव्हे, लंगोटावरून ठरवावे. पहिल्या दिवशी एकदा-दोनदा शू, आणि पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, ते साधारण दोन आठवड्यांत भरून येते. मात्र बाळ उठवूनही पीत नसेल, सुस्त पडले असेल, पहिल्या चोवीस तासांतच पिवळे दिसू लागले किंवा शू थांबली, तर सकाळची वाट पाहू नये.

दवाखान्याच्या सामानाच्या यादीत पावडरचा डबा आणि बाटली लिहिलेली दिसली, तर तेही आधीच विचारावे. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे. बाळाच्या दुधाच्या पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करणे, फुकट नमुने वाटणे, भेटवस्तू देणे त्यात मना आहे. कायदा आपल्या बाजूने आहे, हे माहीत असले की आवाज आपोआप थोडा ठाम होतो.

हे सगळे लिहून झाले आणि खरी परीक्षा घरात सुरू झाली. कागदाची उर्दू बाजू अम्मीने दोनदा वाचली आणि चष्मा काढून विचारले, "आणि शहद? घुट्टी कोण देणार?"

अम्मीचे बोलणे उडवून लावण्यासारखे नव्हते. प्रेषित मुहम्मद (स.) नवजात बाळाच्या टाळूला चावून मऊ केलेली खजूर लावत, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. तहनीकचा तो मान घरातल्या वडीलधाऱ्याचा असतो. डॉक्टर म्हणतात, बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, कारण त्यातून लहान बाळाला घातक विषबाधा होऊ शकते. आता काय करायचे? आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितले, तहनीक मुस्तहब आहे, फर्ज नाही. त्यात खजुरीचा उल्लेख आहे, मध असलाच पाहिजे असे नाही. आणि बाळाला अपाय होण्याची भीती डॉक्टर सांगत असतील तर थांबण्यात गुनाह नाही. आईचे दूध हा बाळाचा हक्क आहे. पवित्र कुरआनात सूरह बकरहमध्ये पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, आणि त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. हे शेवटचे आम्ही जावईबापूंना मुद्दाम दोनदा वाचायला लावले.

अम्मी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी रात्री भांडी आवरताना आपणहून बोलू लागली. आमचा जन्म १९८२ चा. गिरणी कामगारांचा संप जानेवारीत सुरू झाला होता, अब्बा घरी बसलेले. अम्मीच्या सासूने तीन दिवस चीक पिळून टाकायला लावला आणि मधाचे बोट चाटवले. "तू तीन दिवस नुसती रडत होतीस. मग डबा आणायला पैसे नव्हते म्हणून तुला पाजत राहिले. लोक म्हणायचे, गरिबीने वाचवलं. मला आजपर्यंत वाटायचं की मी तुला डब्याचं दूध देऊ शकले नाही." त्रेचाळीस वर्षे तिने ही गोष्ट कमीपणाची म्हणून मनात ठेवली होती.

डिलाईल रोडला हा विषय नवा नाही. इथल्या गिरण्यांत बायका पाळीवर जात आणि बाळ शांत झोपावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. रस्त्याला आज ज्यांचे नाव आहे, त्या कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कामकरी बाळंतिणींना सवलत देणारे विधेयक मांडले होते. ते मंजूर झाले नाही. पुढे १९२९ मध्ये मुंबई प्रांताने देशातला असा पहिला कायदा केला. आज कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा सव्वीस आठवडे झाली आहे. आई बाळाजवळ राहावी म्हणून शंभर वर्षे लोक झगडले. दवाखान्याच्या दोन खोल्यांमधले अंतर आपण सहज मान्य करू नये.

आणखी एक गोष्ट आम्ही आधीच बोलून घेतली, ती म्हणजे दूध बँक. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदूध बँक सुरू केली. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, अगदी कमी वजनाच्या बाळांसाठी असे दूध जीवदान ठरते. पण आपल्याकडे दुधाचे नाते हे खरे नाते आहे. एका आईचे दूध प्यालेल्यांचा आपसात निकाह होत नाही. आमचे माहेर कोकणी, शाफई, तिथे पाच वेळा पाजल्यावर हे नाते मानतात. भाचीचे सासर सोलापूरचे, हनफी, तिथे थोड्या दुधानेही नाते लागते. बँकेत अनेक मातांचे दूध एकत्र होते, म्हणून १९८५ मध्ये इस्लामी फिकह अकादमीने दूध बँकांच्या विरोधात ठराव केला. काही उलेमांनी मात्र गरजेच्या वेळी परवानगी दिली आहे. मतभेद आहे, म्हणूनच आपल्या मस्लकच्या जाणत्या आलिमांना सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवावे. रात्री दोन वाजता काचेपलीकडच्या बाळाकडे बघत हा प्रश्न सोडवण्याची वेळ कुणावर येऊ नये.

दुसरे बाळंतपण परळच्या एका रुग्णालयात झाले. पुन्हा सिझेरियन. कागदाची मराठी बाजू भाचीच्या फाइलला आधीच लावली होती. नर्सताईंनी ती वाचली, हसल्या आणि म्हणाल्या, "आमचं काम सोपं केलंत." बाळ, या वेळी मुलगी, तासाभरात छातीशी लागली. बापाने कानात हलक्या आवाजात अजान दिली ती आईच्या कुशीतच. सगळे सुरळीत झाले असे नाही. दुसऱ्या रात्री मुलगी सतत पीत आणि रडत राहिली, भाची खचली, "नाहीच येत मला दूध," म्हणू लागली. पहिली वेळ तिच्या डोळ्यांपुढे उभी होती. तेव्हा जवळ अम्मी होती. तिने कागद काढला, उर्दूची सहावी ओळ बोट ठेवून वाचली, लंगोट तपासला आणि म्हणाली, "दोनदा ओला झालाय. पोटात जातंय म्हणून तर बाहेर येतंय. दुसऱ्या बाजूला घे." पहाटेपर्यंत ती भाचीच्या पाठीमागे उशी धरून बसली. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईने पर्समधून मधाची बाटली काढली, तेव्हा अम्मीनेच ती हातातून घेऊन चहात घालायला ठेवली.

सातव्या दिवशी अकीका झाला. तहनीक बाकी आहे. मुलगी वरचे खाऊ लागेल तेव्हा खजुरीचा पहिला मऊ घास अम्मीच्याच हातून, असे घरात ठरले आहे.

ज्यांना प्रयत्न करूनही अंगावर पाजता आले नाही, त्या मातांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये. आमच्या भाचीचा पहिला मुलगाही, माशाअल्लाह, छान वाढतो आहे. आमचे म्हणणे घरच्यांना आहे. आठव्या महिन्यात एक कागद घ्या, नवऱ्याला, सासूला, आईला समोर बसवा आणि या सहा ओळी आपल्या हाताने लिहा. एक प्रत फाइलला लावा आणि एक त्या बाईच्या हाती द्या जी रात्री जवळ राहणार आहे. अल्लाह सर्व मातांना आणि बाळांना सुखरूप ठेवो, आमीन.