आजीचे रेशीम

कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या रस्त्याला लागले की सात-आठ किलोमीटरवर तिरुभुवनम् हे गाव येते. चोळ राजा तिसरा कुलोत्तुंग याने बांधलेले कंपहरेश्वराचे भव्य देऊळ आणि आसपासच्या गल्ल्यांतले हातमाग ही या गावाची ओळख. मागावर बसणाऱ्यांत सौराष्ट्र समाजाची घरे मोठ्या संख्येने आहेत. शेकडो वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरलेल्या या लोकांची घरातली भाषा तमिळ नव्हे. मराठी माणसाने कान देऊन ऐकली तर अधूनमधून ओळखीचा शब्द सापडावा अशी ती आहे. इथली रेशमी साडी दुकानात ठेवतानाही वेगळी ओळखू येते, कारण ती हातपंख्यासारख्या चुण्या घालून घडी करतात. 'विसिरी मडिप्पु' म्हणतात त्या घडीला. २०१९ साली तिरुभुवनम् रेशमी साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

या साडीची एवढी ओळख करून देण्याचे कारण जरा वेगळे आहे. जिथे लग्नाचे रेशीम विणले जाते, तिथून हाकेच्या अंतरावर, खुद्द कुंभकोणममध्ये, रेशीम नेसू नका असे सांगणाऱ्या आचार्यांचा मठ होता. तंजावरच्या मराठा राजांच्या काळात कांचीचा कामकोटी मठ या बाजूला आला आणि पुढे दीर्घकाळ त्याचे मुख्य ठाणे कुंभकोणमलाच राहिले. (बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव याच कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. तेव्हा हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही.) मठाचे परमाचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांचा जन्म १८९४ चा. १९०७ साली, कोवळ्या वयात ते पीठावर आले आणि १९९४ च्या जानेवारीत त्यांनी देह ठेवला. महाराष्ट्रात त्यांची आठवण साताऱ्यात आहे. तिथले उत्तर चिदंबरम् नटराज मंदिर त्यांच्याच इच्छेने उभे राहिले.

परमाचार्य बायकांना पुन्हा पुन्हा सांगत, की रेशमी साडी सोडा. त्यांची कारणे दोन होती. एक, या वस्त्रासाठी असंख्य किड्यांचा जीव जातो. दुसरे, लग्नात रेशीम हवेच या हट्टापायी मुलीचा बाप कर्जात बुडतो. हुंड्याबद्दल ते जेवढ्या पोटतिडकीने बोलत, तेवढ्याच पोटतिडकीने रेशमाबद्दलही बोलत. त्यांचे दर्शन घ्यायला येणाऱ्या घरांमध्येच रेशमाचा सोस सर्वांत जास्त होता, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे हे सांगणे किती अवघड असेल ते कळते.

किड्याचे नेमके काय होते, हे रेशीम नेसणाऱ्या पुष्कळ बायकांना ठाऊक नसते. रेशमाचा किडा साधारण चार आठवडे तुतीचा पाला खातो आणि मग दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती धाग्याचा कोश विणतो. हा धागा अखंड असतो, शेकडो मीटर लांब, कधी किलोमीटरभरही. आतल्या किड्याचे पुढे पाखरू होते आणि ते कोश भिजवून, भोक पाडून बाहेर येते. पण पाखरू बाहेर पडले की धागा तुटला. अखंड, चकचकीत धागा हवा असेल तर त्याआधीच कोशाला वाफ किंवा गरम हवा द्यावी लागते, म्हणजे आतला जीव मरतो. मग गरम पाण्यात कोश सोडून धाग्याचे टोक पकडायचे. एक किलो कच्च्या रेशमाला आपल्याकडे सात-आठ किलो कोश लागतात आणि किलोभर ओल्या कोशांत पाच-सहाशे कोश भरतात. धुताना डिंक निघून रेशमाचे वजन घटते तेही धरले, तर अर्धा किलो रेशमाच्या जड साडीमागे तीन हजारांच्या आसपास कोश येतात.

गंमत म्हणजे, आपल्या घरांत हेच वस्त्र सर्वांत शुद्ध मानले गेले. सुती वस्त्र रोज धुऊन, कुणाचा स्पर्श न होऊ देता वाळवावे लागे. रेशमी मुकटा किंवा कद मात्र सोवळ्यातच. देवपूजेला, श्राद्धाला, नैवेद्याच्या स्वयंपाकाला रेशीम. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या सासूबाईसुद्धा मुकटा नेसल्याशिवाय देवघरात पाऊल टाकत नसत. यात त्यांना ढोंगी ठरवण्यात अर्थ नाही. कोश त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. पुण्यात १९७४ पासून काम करणाऱ्या 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' या संस्थेने रेशमाविरुद्ध सातत्याने प्रचार केला. त्यानंतर अनेक घरांत, विशेषतः जैन घरांत, हा विषय पहिल्यांदा उघड बोलला गेला.

पण नवे रेशीम घ्यायचे नाही असे ठरवलेल्या घरातही एक पेच उरतोच. कपाटात आजीची साडी असते. पैठणी असेल, बनारसी शालू असेल, तंजावरी मराठी घर असेल तर तिरुभुवनम् किंवा कांचीवरमची नऊवारी असेल. नात म्हणते, "मी रेशीम नेसत नाही." आई म्हणते, "अगं, विकत कुठे घेत्येस? आजीची आहे ती!" दोघींचेही म्हणणे फेकून देण्यासारखे नाही.

हा पेच जगभर आहे, फक्त थंड देशांत तो रेशमाऐवजी फरचा असतो. आजीने ठेवलेला मिंकचा कोट नातीने घालावा का, यावर तिकडे वर्षानुवर्षे वाद चालला आहे. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने २०१९ मध्ये एक मार्ग काढला. नव्या पोषाखांना खरी फर लावायची नाही असे ठरले, पण जुने पोषाख राणी वापरत राहील असे राजवाड्यातून स्पष्ट सांगण्यात आले. २०२४ मध्ये कॅमिला राणीकडूनही नवी फर घेणार नसल्याचे कळवण्यात आले. नवे नाही, जुने मोडायचेही नाही, असा हा हिशेब.

फरच्या बाबतीत या हिशेबाला एक मोठी भेग आहे. रस्त्याने जाणाऱ्याला कोट जुना की नवा हे कसे कळणार? त्याला एवढेच दिसते, की फर पुन्हा चालू झाली. आपल्याकडे फरचा कोट घालण्याजोगी थंडी फारशी कुठे नाही, आणि २०१७ पासून मिंक, कोल्हा, चिंचिला यांची कातडी आयात करायलाही बंदी आहे. पण आपल्या घरांतही वारशाने आलेले एक कातडे असते. देवघरातले मृगाजिन! आजोबा त्यावर संध्येला बसत. मुंजीत बटूच्या जानव्याला अजिनाचा तुकडा बांधत, तोही हरणाचाच. काळविटाचे कातडे असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते मालकीच्या दाखल्याशिवाय ठेवता येत नाही. दाखला असला तरी विकता येत नाही, आणि वारसाने नव्वद दिवसांच्या आत वनखात्याला कळवावे लागते. 'आमच्या पणजोबांचे आहे' एवढ्यावर भागत नाही.

कायदा इतका कडक का, हे शाहतूश शालीवरून समजते. अंगठीतून आरपार जाणारी ही शाल तिबेटकडच्या चिरू नावाच्या हरणाच्या लोकरीची. चिरूची लोकर कातरता येत नाही, त्याला मारावेच लागते, आणि एका शालीला तीन ते पाच चिरू जातात. आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी १९७० च्या दशकात आली, तरी काश्मीरमध्ये विणकाम २००२ पर्यंत कायद्याने पूर्ण थांबले नव्हते. नव्या शाली 'आईच्या लग्नातली' म्हणून खपवणे सोपे होते. जुन्या मालाच्या आडून नवा माल चालतो म्हणून कायदा जुन्यालाही मोकळे सोडत नाही.

रेशमाला हे लागू पडत नाही. रेशमाचा किडा जंगलातून नाहीसा होणारा प्राणी नाही. तो माणसाने हजारो वर्षे पाळलेला आहे, इतका की त्याच्या पाखराला नीट उडताही येत नाही. नवी साडी दुकानात उघड मिळते, तिला जुनीचा आडोसा नको असतो. तेव्हा आजीची पैठणी नेसल्याने कुठला चोरटा व्यापार चालत नाही. उलट नातीने लग्नात ती नेसली तर एक नवी साडी घ्यायची टळते आणि तीन हजार कोशही वाचतात. किड्याच्या बाजूने पाहिले तर जुने रेशीम नेसणे हे न नेसण्याइतकेच निर्दोष आहे. साडी ट्रंकेत कुजू दिल्याने कुणाचाही जीव परत येत नाही.

अडचण येते ती परमाचार्यांच्या दुसऱ्या कारणापाशी. लग्नघरात शंभर बायका रेशमात मिरवत असतात. त्यातल्या चाळीस साड्या आजीच्या असल्या तरी वधूच्या मावशीला, शेजारणीला, स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना जे दिसते ते एवढेच, की लग्न म्हणजे रेशीम. ज्यांच्या आजीने काही ठेवलेले नाही त्यांना ते विकतच घ्यावे लागते, बहुधा हप्त्याने. वारशाचे रेशीम अंगावर घालणे ही मुळात खात्यापित्या घरांची सोय आहे, हे उघडपणे मान्य करायला हवे. म्हणून ज्या मुलीला जिवाची हत्या खुपते तिने आजीची साडी खुशाल नेसावी. पण आपल्या घरच्या कार्यात देण्याघेण्याच्या यादीतून रेशीम काढायला लावावे. मानपानाला सुती साडी दिली तर नाक मुरडणाऱ्या विहीणबाई निघतीलच, आणि खरा धीर तिथेच लागतो. साडी नेसणे, न नेसणे त्यामानाने सोपे आहे.

आता तिरुभुवनम्‌च्या विणकराचे काय? नातीने जुनी नेसली तर त्याच्या मागावरची एक साडी कमी झाली. साडी विणायला कित्येक दिवस जातात, आणि त्याआधी सुताला पीळ देण्यापासून ताणा लावण्यापर्यंत घरातल्या बायकांचेही हात लागलेले असतात. त्यांची मजुरी साडीवर ठरते. इकडे मराठवाड्यातही हाच प्रश्न आहे. जालना, बीड भागात पाऊस दगा देतो तिथे तुती लावून रेशीम कोश काढणाऱ्या शेतकऱ्यांना हातात रोख पैसा दिसू लागला. जालन्याच्या बाजार समितीत २०१८ पासून कोशांची खरेदी होऊ लागली. त्या शेतकऱ्यासमोर उभे राहून 'किड्यांना मारू नका' म्हणणे शहरातल्या सुखवस्तू माणसाला जड जायला हवे. परमाचार्यांचा आग्रह योग्य असला, तरी तो मानला गेला तर मागावर बसलेल्या माणसाचे काय, याचे उत्तर ज्याने त्याने वेगळे शोधावे लागते.

मधला मार्ग म्हणून अहिंसक रेशमाचे नाव घेतले जाते. १९९० च्या सुमाराला राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांच्या पत्नी जानकी वेंकटरामन यांनी आंध्रच्या हातमाग विभागातल्या माणसांना विचारले, की किडे न मारता विणलेली रेशमी साडी मिळेल का? वेंकटरामन मूळचे तंजावर जिल्ह्यातले आणि परमाचार्यांचे भक्त होते. तेव्हा हा प्रश्न त्यांच्याच घरातून यावा यात नवल नाही. हैदराबादचे कुसुम राजय्या यांनी तो मनावर घेतला. पाखरू कोशातून निघून गेल्यावर उरलेल्या तुटक्या रेशमापासून त्यांनी सूत काढले आणि कापड विणून दाखवले. हे कापड मऊ असते, पण त्याला ती चमक नसते. सूत कमी निघते म्हणून किंमत चढते. शिवाय किड्यांची पैदास रोगमुक्त व्हावी म्हणून अंडी घालून झालेल्या मादीला चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. लुई पाश्चरने घालून दिलेली ही पद्धत रेशीम बीज केंद्रांत रूढ आहे. त्यामुळे कोश न उकळलेल्या कापडातही काहीच मेले नाही असे छातीठोकपणे सांगता येत नाही. तरीही हजारो आणि काही थोडे यांत फरक आहेच.

जुन्या रेशमाबद्दल एक गोष्ट मात्र वेळेवर करायला हवी. दारावर येणारे जरीचे खरेदीदार साडीची किंमत वजनाने करतात. त्यांच्याकडे गेलेली साडी पुन्हा कुणी नेसत नाही. ती जाळून राखेतून चांदी काढतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या साडीची जर खऱ्या चांदीची असल्याने मोह होतो, आणि पैशाची नड असेल तर त्याला नावे ठेवता येत नाहीत. पण नुसते कपाट रिकामे करायचे असेल तर आधी घरातल्या मुलींना विचारावे. साडी विरली असली तरी काठ आणि पदर बहुधा शाबूत असतात. ते सुती कापडाला लावून परकर-पोलके होते, ओढणी होते. ठेवायची असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये, सुती पंचात गुंडाळावी आणि वर्षातून तीन-चार वेळा घडी बदलावी. रेशीम विरते ते आधी घडीवरच, आणि जरीच्या काठाला चीर पडते तीही तिथेच. पंख्याच्या घडीची साडी असेल तर घरी नेल्यावर ती तशीच वर्षानुवर्षे ठेवू नये, कारण चुणी जितकी बारीक तितकी ती लवकर तुटते.