खाटेशेजारी बसणारं माणूसही नेमा

‘आता घरी न्या’ असे सांगून रुग्णालयांनी परत पाठवलेल्या कर्करुग्णांना मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 पासून ठेवून घेत आले आहे. डॉ. एल. जे. डिसूझा यांनी उभारलेले हे देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणारे केंद्र. तिथली शुश्रूषा होली क्रॉस संघाच्या कॅथलिक सिस्टर करतात. पैसे घेत नाहीत, धर्म पाहत नाहीत. जखम धुणे, गोळी वेळेवर देणे ही जशी सेवा, तशीच शेजारी बसून ऐकून घेणे हीही सेवाच, असे या सिस्टरांची परंपरा मानते. इकडे परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातला असा रुग्ण परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या वाऱ्या करून घरी येतो, तेव्हा पिशवीत केसपेपर, एक्स-रे आणि उरलेल्या गोळ्या असतात. किती दुखेल, लेकरांना काय सांगायचे, याचे उत्तर त्या कागदांत सापडत नाही. म्हणून या सिस्टरांचे काम जिंतूरच्या सरकारी रुग्णालयातही प्रशिक्षित, पगारी माणसाकडे सोपवले पाहिजे.

ही मागणी भावनेच्या भरातली नाही. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी दाखवून दिले, की शरीराचे दुखणे, मनातली भीती, घरची ओढाताण आणि ‘माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात; एकाकडे दुर्लक्ष केले की बाकीचे बळावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिहार सेवेच्या (पॅलिएटिव्ह केअर) व्याख्येतही आध्यात्मिक वेदनेचा उल्लेख आहे. एचआयव्ही तपासणीसाठी सरकारने समुपदेशक नेमलेच ना? बोलणे आणि ऐकणे हा उपचाराचा भाग आहे, हे तेव्हाच मान्य झाले.

यातून धर्मप्रसार होईल, ही शंका काही जण घेतील. पण कॅथलिक चर्चमध्ये रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावणे) आणि पापनिवेदन हे संस्कार फक्त धर्मगुरूच देतात. सिस्टरला तो अधिकार नाही. तिच्या हाती उरते ते सोबत करणे, आणि ते कोणत्याही धर्माच्या माणसाला जमते. रुग्णाने मागितल्याशिवाय देवाचा विषय काढायचा नाही, मागितले तर त्याच्याच धर्माच्या माणसाला बोलवायचे, एवढा नियम लेखी करावा. दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडे गोतावळा असतोच. असतो, पण तोच गोतावळा डॉक्टरांना ‘पेशंटला सांगू नका’ म्हणून विनवतो आणि पेशंट आपली भीती घरच्यांपासून लपवतो. दोघांनाही मोकळे होता येईल असे तिसरे माणूस लागते. राहिला प्रश्न आधी डॉक्टर आणि औषधे पुरवण्याचा. ती हवीतच, पण त्यांची वाट पाहत मरणाऱ्याला एकटे ठेवणे न्यायाचे नाही. परभणीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे प्रशिक्षण देऊन तालुक्यातल्याच एका बाईला किंवा पुरुषाला हे पद द्यावे. व्रत घेतलेल्या सिस्टरांनी हे काम विनामोबदला करून दाखवले. सरकारने ते पगार देऊन करावे, एवढेच मागणे आहे.