पत्रकारितेला प्रवेश मिळतो, बातमीच्या टेबलावर जागा मिळते का?

पदवीचे निकाल लागले की आपल्या वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी विचारतेच, "पत्रकारितेला गेलं तर नोकरी लागेल का?" आपण 'मूकनायक'चे नाव घेतो आणि विषय संपवतो. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ते पाक्षिक काढले आणि 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही छापली नाही, हे आपल्याला पाठ आहे. पण पुण्यातल्या खोलीचे भाडे कुठून येणार, हे त्यात सापडत नाही.

प्रवेशाची अडचण आता तेवढी राहिलेली नाही. पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, अमरावतीचे भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र, इथे आपली मुले शिकतात. विद्यापीठात आरक्षण आहे, शिष्यवृत्तीही आहे, जरी ती वेळेवर येतेच असे नाही. खरी गळती नंतर होते. खासगी वृत्तपत्रात आणि वाहिनीत आरक्षण नाही, आणि जागा भरल्याची जाहिरातही अनेकदा निघत नाही. ओळखीतून बोलावणे येते. त्याआधी दोन-चार महिने बिनपगारी इंटर्नशिप. मुंबईत मामा-काकांचे घर असलेल्याला ती परवडते. ऊसतोड कामगाराच्या मुलाला नाही. गुणवत्तेची चाळणी म्हणतात ती बरेचदा इथेच लागते.

परिणाम आकड्यांत दिसतो. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या २०१९ च्या अहवालात माध्यमांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातीचे कुणीही नव्हते.

ही केवळ नोकऱ्यांची गोष्ट असती तर एवढे लिहिले नसते. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या माध्यमांनी दखल घेतली ती उशिरा, आपले लोक रस्त्यावर उतरल्यावर. आजही अत्याचाराची बातमी "जुन्या वादातून मारहाण" अशी येते आणि जात गळून जाते. हा शब्द पोलिसांच्या प्रेसनोटमधून उचललेला असतो. टेबलावर बसलेल्याला तो खटकतच नाही, कारण त्याच्या घरी तो कधी खटकलेला नाही.

म्हणून जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या पत्रकाराला १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या बातम्या सहज दिल्या जातात आणि वर्षभर तिथेच ठेवले जाते. त्या जरूर कराव्यात, पण न्यायालय, अर्थसंकल्प, शिक्षण, पाणी यांपैकी एक विषय पक्का धरावा. अट्रॉसिटी कायद्याच्या नियमांनुसार तपास करून दोषारोपपत्र ६० दिवसांत दाखल व्हायला हवे, हे ज्याला माहीत आहे तो एकसष्टाव्या दिवशी पोलीस ठाण्यात फोन करतो. अनुसूचित जाती घटकाचा निधी कुठे वळवला, हे विधिमंडळात मांडलेल्या पुरवणी मागण्या वाचणाऱ्यालाच कळते. यूट्यूबवर आपली चॅनेल्स पुष्कळ झाली, सभेची भाषणे पूर्ण दाखवतात; हे कागद वाचणारे मात्र थोडे.

पगाराचे म्हणाल तर वर्तमानपत्र हा एकच रस्ता नाही. राज्यसेवेप्रमाणेच माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील पदेही एमपीएससी भरते, केंद्रात भारतीय माहिती सेवा आहे. आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागात कंत्राटी वृत्तनिवेदक आणि संपादक लागतात. वृत्तसंस्था, तथ्यतपासणी, भाषांतर, संस्थांचे जनसंपर्काचे काम हेही आहे. सरकारी नोकरीत गेला म्हणून कुणी चळवळ सोडली, असे आम्ही मानत नाही. जिल्हा माहिती अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलेला माणूस प्रेसनोटमधले शब्द ठरवतो.

आणि समाजाकडे आमचे मागणे छोटे आहे. जयंतीच्या डीजेच्या वर्गणीतून एका विद्यार्थ्याच्या इंटर्नशिपचे तीन महिन्यांचे खोलीभाडे सहज निघते. ज्या मंडळांनी यंदा हिशेब मांडला असेल, त्यांनी तो आकडा एकदा पाहावा.