खेळामागचा नियम

व्हिडिओ खेळ म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, असे तुम्ही नेहमी ऐकता. पण सगळे खेळ एकाच तराजूत तोलू नयेत, असे मला एक खेळाडू म्हणून वाटते.

१९७८ सालचा 'स्पेस इन्व्हेडर्स' हा जपानी खेळ घ्या. त्यात शत्रू कमी होतात, तसतसे उरलेले अधिक वेगाने चाल करून येतात. कारण मोठे गमतीचे आहे. चित्रे कमी झाली, की त्या यंत्रातील संथ संगणकाला ती भरभर हलवता येत! १९८० च्या 'पॅकमॅन'मधील लाल भूत थेट पाठलाग करते. गुलाबी भूत मात्र तुमच्या पुढची जागा गाठू पाहते. हे ओळखले, की पळापळ थांबते आणि डोके चालू लागते.

माझा सर्वांत आवडता खेळ 'टेट्रिस'. अलेक्सी पाजितनोव्ह यांनी तो १९८४ साली मॉस्कोत रचला. चार चौरस कडेला कड जुळवून त्याचे सातच आकार होतात. चौकटीच्या वहीत काढून पाहा! फिरवलेला आकार वेगळा धरू नका, आरशातला मात्र धरा.

याउलट, पैसे भरले की पुढची पायरी मिळते, अशा खेळात वाढते काय? केवळ खर्च. मी त्याला खेळच म्हणणार नाही.

म्हणून शिक्षकांनीही 'किती गुण मिळवलेस?' याऐवजी 'कोणता नियम सापडला?' असे विचारावे. उत्तर देता येत नसेल, तर तो खेळ खुशाल बंद करा!