पांगुळगाडा

गेल्या वर्षी आमच्या एका शिबिरात भिंतीवर ‘थोरांचे विचार’ असा तक्ता लावला होता. त्यात मधोमध इमॅन्युएल कांट. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, स्वतःच्या बुद्धीने चालायचं धाडस करावं, अशा अर्थाचं वचन आणि खाली ‘थोर जर्मन तत्त्वज्ञ’. २०२४ मध्ये त्याच्या जन्माला ३०० वर्षं झाली. त्यानिमित्ताने त्याच्या विवेकाचे, नीतीचे, शिस्तबद्ध जगण्याचे गोडवे पुष्कळ गायले गेले. आमच्यातली एक बाई, खानावळीत पोळ्या लाटून घर चालवणारी, तक्ता सावकाश वाचून म्हणाली, “चांगलं हाय. पण ताई, ह्या बाबाच्या घरी भाकरी कोण थापत हुतं?”

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पुढच्या सत्राकडे वळले. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

कांट १७२४ ते १८०४ या काळात प्रशियातल्या कोनिग्सबर्ग शहरात जगला. आज ते रशियातलं कालिनिनग्राद आहे. बाप घोड्यांचा चामडी साज बनवणारा कारागीर. आई गेली तेव्हा कांट तेरा वर्षांचा होता. त्याने लग्न केलं नाही. त्याच्या वक्तशीरपणाच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. पण त्याला पहाटे पाच वाजता हाक मारून उठवणारा मार्टिन लांपे नावाचा नोकर होता, त्याने जवळजवळ चाळीस वर्षं चाकरी केली, हे तक्त्यावर लिहीत नाहीत. कांट दिवसातून एकदाच जेवायचा, दुपारी, पाहुण्यांच्या संगतीत, गप्पा मारत. उतारवयात त्याच्या घरी स्वयंपाकाला बाई होती. म्हणजे भाकरी थापणारे हात होते. त्या हातांना तत्त्वज्ञानात जागा किती होती, ते पाहू.

१७८३ मध्ये बर्लिनच्या एका मासिकात वाद चालू होता, लग्न लावायला धर्मगुरू हवाच का? धर्मगुरू नको म्हणणाऱ्यांवर एक पाद्री चिडला आणि त्याने तळटीपेत विचारलं, प्रबोधन प्रबोधन म्हणता ते आहे तरी काय? त्याला कांटने १७८४ मध्ये उत्तर दिलं. तो छोटा निबंध जगभर गाजला. लक्षात ठेवा, प्रश्न निघाला होता तो लग्नावरून.

निबंधात कांट जो शब्द वापरतो तो कायद्यातला आहे: अज्ञानपण, म्हणजे वयात न येणं. आपल्याकडे सातबाऱ्यावर लहान मुलाच्या आणि पालकाच्या नावामध्ये ‘अ.पा.क.’ लिहितात, तेच हे अज्ञानपण. कांट म्हणतो, बहुतेक माणसं वयाने वाढली तरी अशीच अज्ञान राहतात. माझ्याऐवजी पुस्तक विचार करतं, पाद्री माझी सदसद्विवेकबुद्धी सांभाळतो, वैद्य माझं पथ्यपाणी ठरवतो. पैसे मोजले की काम झालं. आणि पालक म्हणून मिरवणारे लोक याची नीट काळजी घेतात. गुराढोरांसारखं माणसाला आधी मठ्ठ करायचं, पांगुळगाड्याबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही, मग एकटीने चाललीस तर पडशील अशी भीती घालायची. खरं तर दोनचार वेळा पडून माणूस चालायला शिकतंच. स्वतंत्रपणे चालणं धोक्याचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांत समस्त स्त्रीवर्ग येतो, हेही तो आवर्जून सांगतो.

मैत्रिणींनो, पांगुळगाड्याचं हे चित्र आपल्या किती कामाचं आहे! सासरी-माहेरी, पंचायतीत, चौकीत आपण हेच रोज पाहतो. पण त्याच निबंधात कांट असंही म्हणतो, की हे अज्ञानपण माणसाने स्वतःच ओढवून घेतलेलं असतं, आळसाने आणि भित्रेपणाने. म्हणजे गाड्यात बसवणारा पालक, आणि भित्री मात्र ती! ज्या बाईचं अंगावरचं सोनं, पोटची पोरं, राहतं घर सगळं नवऱ्याच्या हाती, तिला ‘धाडस कर’ म्हणून सांगायला काय जातं?

धाडसाची किंमत पुढे कांटलाही कळली. धर्मावरच्या त्याच्या लिखाणाबद्दल १७९४ मध्ये प्रशियाच्या राजाने त्याला सक्त ताकीद दिली. सत्तरीला आलेल्या, जगप्रसिद्ध प्राध्यापकाने यापुढे धर्मावर बोलणार-लिहिणार नाही असं लेखी वचन दिलं आणि १७९७ मध्ये राजा मरेपर्यंत पाळलं. मी त्याला भित्रा म्हणणार नाही. नोकरी आणि म्हातारपण पणाला लागलं की काय होतं, ते मला माहीत आहे. पण मग नवऱ्याच्या घरात गप्प बसलेल्या बाईलाही भित्री म्हणायचं कारण नाही.

१७८५ मध्ये त्याने नीतीचा पाया सांगितला. माणूस हा स्वतःच साध्य आहे, त्याला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नका. वस्तूंना किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते आणि ती कशाच्याही बदल्यात देता येत नाही. हुंडा, मुलगाच हवा म्हणून लादलेली बाळंतपणं, घरातलं फुकटचं राबणं, या सगळ्याला लावायला याहून धारदार माप मला माहीत नाही.

आता हे माप हातात घेऊन त्याच माणसाची बाकीची पानं उलटा. १७६४ मध्ये तो लिहितो, की जिच्या डोक्यात ग्रीक भाषा भरली आहे किंवा जी यंत्रशास्त्रावर वाद घालते, तिने दाढीही ठेवायला हरकत नाही. हा टोमणा होमरचा फ्रेंच अनुवाद करणाऱ्या आन दासिएला आणि न्यूटनचा महाग्रंथ फ्रेंचमध्ये आणणाऱ्या एमिली द्यु शातलेला आहे. १७९७ च्या कायद्यावरच्या ग्रंथात तो नागरिकांचे दोन वर्ग करतो. मत देणारे सक्रिय, बाकीचे निष्क्रिय. निष्क्रियांच्या यादीत शिकाऊ कामगार, घरगडी, लहान मुलं आणि सगळ्या बायका. लांपे आणि स्वयंपाकीणबाई दोघंही त्यात आली. पुढे तो म्हणतो, निष्क्रियातून सक्रिय होण्याची वाट कुणालाही मोकळी असली पाहिजे. घरगडी उद्या धंदा टाकेल, मूल मोठं होईल. बाईने काय करायचं? याचं उत्तर नाही. त्याच ग्रंथात लग्नाबाहेर जन्मलेलं मूल चोरून आणलेल्या मालासारखं कायद्याबाहेर असतं, म्हणून त्याचा जीव गेला तरी कायदा काणाडोळा करू शकतो, असा युक्तिवाद येतो. माणूस साध्य आहे म्हणणाऱ्याला त्या पाळण्यात माणूस दिसला नाही. १७९८ मध्ये तर तो स्वच्छ सांगतो, की बाई कोणत्याही वयाची असो, नागरी व्यवहारात ती अज्ञान, आणि नवरा तिचा स्वाभाविक पालक. चौदा वर्षांपूर्वी ज्या पालकांची खिल्ली उडवली, त्यांच्याच हातात पांगुळगाडा परत दिला!

यावर हमखास येणारं उत्तर असतं, “अहो, काळच तसा होता.” हे आपण फार सोसलं आहे. काळ कसा होता ते पाहूच. १७९१ मध्ये पॅरिसमध्ये ओलँप द गूजने स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं. १७९२ मध्ये लंडनमध्ये मेरी वुलस्टनक्राफ्टचं स्त्रियांच्या हक्कांवरचं पुस्तक आलं. पॅरिस-लंडन लांब राहिली म्हणाल, तर खुद्द कोनिग्सबर्गचा महापौर थिओडोर फॉन हिपेल बघा. कांटचा स्नेही, त्याच्या पंगतीला जेवणारा. त्याने १७९२ मध्ये नाव न घालता पुस्तक छापून मागणी केली, की बायकांना शिक्षण, व्यवसाय आणि नागरिकत्व द्या. १७९६ मध्ये हिपेल वारला. त्याच्या निनावी पुस्तकांमागे कांटचा हात असावा अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा कांटने जाहीर खुलासा करून हात झटकले. म्हणजे हा विचार त्याच्या गावात होता, त्याच्या ताटाशेजारी बसून जेवत होता. तो ऐकूनही त्याने १७९७ आणि १७९८ ची पानं लिहिली. काळाच्या गळ्यात हा दोष बांधू नका.

आणि मारिया. हे नाव आपल्या शिबिरांत कुणी घेत नाही. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट गावची मारिया फॉन हेर्बर्ट ही कांटची वाचक. १७९१ मध्ये तिने त्याला पत्र लिहिलं. प्रेमाच्या माणसापासून एक जुनी गोष्ट लपवली होती, शेवटी खरं सांगितलं, तर तो दुरावला. जीव नकोसा झाला आहे, तुमच्या शिकवणीनेच थांबले आहे, आधार द्या. कांटने १७९२ मध्ये सविस्तर उत्तर दिलं, प्रवचनासारखं. लपवणं चूकच, तुला पश्चात्ताप होतो तो चुकीचा की परिणामाचा, हे तपासून पाहा. १७९३ च्या सुरुवातीला तिचं दुसरं पत्र आलं. ते जास्त खोल होतं. नीतीचा नियम पाळणं मला जड जात नाही, ती म्हणते, पण तो पाळूनही आतली पोकळी भरत नाही. तुम्ही स्वतः कसे जगता? कुणावर जीव लावावासा वाटला नाही का? त्याच्या तत्त्वज्ञानाला इतका थेट प्रश्न फार कमी जणांनी विचारला असेल. कांटने त्याचं उत्तर दिलं नाही. उलट तिची पत्रं त्याने एलिझाबेथ मदरबी या स्नेह्याच्या मुलीकडे पाठवली. कल्पनेच्या आहारी गेलं की बाईचं काय होतं, याचा इशारा म्हणून! १८०३ मध्ये मारियाने आपलं आयुष्य संपवलं. त्याचं कारण कांट होता असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, की माणसाला केवळ साधन करू नका असं सांगणाऱ्याने मदत मागणाऱ्या बाईला दुसरीसाठी धडा केलं.

हे वाचताना माझा राग एकदम थंड पडला, कारण मला माझीच गोष्ट आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमच्या सल्लाकेंद्रात एक बाई आली होती. आम्ही सांगितलं तक्रार कर. तिने केली नाही, ती नवऱ्याकडे परत गेली. मला तिचा राग आला. पुढे एका प्रशिक्षणात मी तिची ‘केस’ सांगितली. नाव बदललं, बाकी सगळं तसंच. वेळेवर ऐकलं नाही की काय होतं, याचा नमुना म्हणून. समोर तिच्या शेजारच्या गावची कुणी बसली होती. पंधरा दिवसांनी ती स्वतः आली आणि शांतपणे म्हणाली, “ताई, मला वाट दिसावी म्हनून मी तुमाला सांगितलं. तुमी माजा धडा केलात.” एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत गोपनीयतेवर मी परीक्षेत पानं भरली होती. ती पानं त्या दिवशी उपयोगी पडली नाहीत.

म्हणून माझं भांडण दोन बाजूंशी आहे. पहिली बाजू तक्तेवाल्यांची. विवेकाची वचनं भिंतीवर टांगायची, आणि ती सांगणाऱ्याने कुणाला वगळलं ते विचारायचं नाही. असा विवेक बायकांच्या वाट्याला ‘नीट वाग’ एवढाच येतो. दुसरी बाजू आपल्यातलीच. काही मैत्रिणी म्हणतात, बुद्धी, तर्क हा पुरुषी खेळ, आपलं बळ भावनेत आहे. अगं, हेच तर कांट १७६४ मध्ये सांगत होता, की बायकांनी भावनेने चांगलं वागावं, तत्त्वाच्या भानगडीत पडू नये! वुलस्टनक्राफ्टने मागितली होती ती बुद्धीच. ती आपण आपल्या हाताने परत का करायची? माप खोटं नव्हतं. मापणाऱ्याने अर्ध्या माणसांना मापातूनच वगळलं. माप आपण घेऊ आणि सगळ्यांना लावू. त्यालाही, आपल्यालाही.

आपल्याला लावायचं म्हणजे काय? बाईची गोष्ट तिला विचारल्याशिवाय कुठेही सांगायची नाही, अहवालातही नाही आणि फंड देणाऱ्यांसमोरही नाही. अर्ज लिहिण्याआधी तो तिला वाचून दाखवायचा आणि ‘नको’ म्हणाली तर थांबायचं. तिने आपल्या मनाविरुद्ध निर्णय घेतला तरी दार उघडं ठेवायचं. “मग तिला मार खायला सोडायचं का?” असं कुणी विचारेल. अजिबात नाही. कांट म्हणाला, दोनचार वेळा पडून माणूस चालायला शिकतं. पडल्यावर लागतं किती, आणि उचलायला कोण असतं, हे त्याने विचारलं नाही. ते आपलं काम आहे. निवारा, वकील, हातात चार पैसे, रात्री फोन उचलणारी एक मैत्रीण, एवढं पायाखाली असेल तर तिला धाडस शिकवावं लागत नाही. हे सगळं न देता नुसता उपदेश करणारी ताई म्हणजे नवा पालक. पांगुळगाडा तोच, फक्त त्यावर संस्थेचं नाव.

पुढच्या शिबिरात मी तो तक्ता काढणार नाही. कांटच्या वचनाखाली तीन नावं लिहिणार आहे: ओलँप द गूज, मेरी वुलस्टनक्राफ्ट, मारिया फॉन हेर्बर्ट. आणि त्याखाली आमच्या त्या बाईचा भाकरीचा प्रश्न. तिला विचारून.