दोनदा पडलेले मीठ

सासूबाई आमटीची चव घेतात आणि मिठाची बरणी आणायला वळतात. तेवढ्यात सून चव घेते. तिलाही मीठ कमीच लागते. दोघीही मीठ घालतात आणि आमटी खारट होते. चव घेणे आणि मीठ घालणे यांच्या मधल्या क्षणात दुसरा हात आला, एवढेच. संगणकात अनेक कामे एकाच वेळी चालतात तेव्हाही हेच घडते. या गफलतीला ‘रेस कंडिशन’ म्हणतात.

आमटी खारट झाली तर पाणी घालता येते. पण १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना मर्यादेच्या कितीतरी पट मात्रा दिली. त्यातले किमान तिघे दगावले. टेक्सासमधील टायलर येथे ऑपरेटरने चुकीची नोंद अवघ्या ८ सेकंदांत दुरुस्त केली. पडद्यावर बदल दिसला, पण आज्ञावलीच्या दुसऱ्या भागाला तो कळलाच नाही. जुन्या यंत्रांतले यांत्रिक अडसर काढून सारी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती.

त्या यंत्रात एकच प्रोसेसर आलटूनपालटून अनेक कामे करत होता. पुढे उष्णतेमुळे प्रोसेसरचा वेग वाढवणे अवघड झाले, तेव्हा २००५च्या सुमारास कंपन्यांनी एकाच चिपवर अनेक कोअर बसवायला सुरुवात केली. आज खिशातल्या मोबाइलमध्येही बहुधा आठ कोअर असतात. म्हणजे एका पातेल्यावर आठ हात!

सी, सी++ यांसारख्या भाषांत हे हात आवरण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरवर असते. सामायिक माहितीला कुलूप लावायला तो एकदा विसरला, की चूक आत शिरते. हजार चाचण्यांत ती लपून राहते आणि भलत्याच वेळी डोके वर काढते. ‘चांगला प्रोग्रॅमर असे विसरत नाही’ हा युक्तिवाद मला पटत नाही. माणूस चुकणारच, हे गृहीत धरूनच सुरक्षा आखावी लागते.

काही भाषांनी ते गृहीत धरले आहे. एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी १९८०च्या दशकात घडलेल्या ‘अर्लांग’मध्ये प्रत्येक कामाचे पातेले वेगळे, एकमेकांशी बोलायचे ते फक्त निरोपांतून. व्हॉट्सअॅपचे सर्व्हर याच भाषेवर उभे राहिले. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या ‘रस्ट’मध्ये, नियम मोडायची खास मुभा घेतली नसेल, तर दोन हात एकाच माहितीत बेशिस्त शिरण्याची शक्यता दिसताच कंपायलर प्रोग्रॅम तयारच करत नाही. कामांचा क्रम चुकण्यासारख्या सगळ्याच गफलती याने टळत नाहीत. पण एक मोठा दरवाजा बंद होतो.

हा विचार आपल्याला परका नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ बांधला तो ट्रान्सप्युटर चिपवर, आणि त्या चिपची ‘ऑकॅम’ ही भाषा समांतर कामासाठीच रचलेली होती. तरीही प्रोग्रॅमिंगचे आपले शिक्षण ‘एकामागून एक सूचना’ याच वळणाने सुरू होते आणि समांतर विचार शेवटी कुठेतरी उरकला जातो. तो पहिल्या वर्षीच यायला हवा.

जुने सॉफ्टवेअर रातोरात बदलणार नाही. पण रुग्णाच्या शरीराशी जोडल्या जाणाऱ्या नव्या यंत्रासाठी भाषा निवडणे हा केवळ प्रोग्रॅमरच्या आवडीचा प्रश्न नाही. तो रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, आणि यंत्र विकत घेणाऱ्यांनी तो विचारलाच पाहिजे.