हातोरीच्या गळ्यातली बाई

आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांना मी सांगितलं, की कार्टूनमधल्या निंजा हातोरीचा हिंदी आवाज मेघना एरंडे यांचा आहे, आपल्या मराठी अभिनेत्रीचा. एकानं मलाच वेड्यात काढलं. ‘काहीबी सांगता काका! हातोडी तं पोरगा हाय.’ कार्टूनमधला नॉडीही त्यांच्याच गळ्यातून बोलला, हे सांगायची मग माझी हिंमत झाली नाही.

आमच्या वर्धेत राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून आहे, हिंदीचं विद्यापीठही इथंच. पण आर्वी-हिंगणघाटकडच्या पोरांच्या तोंडी फर्डी हिंदी बसवली ती या कार्टूनांनीच. तीही समितीसारखी परीक्षा फी न घेता!

मुलाचा आवाज बाईनं द्यायचा, ही जपानची जुनी रीत. मुलाचा आवाज वयात येताना फुटतो आणि मालिका तर वर्षानुवर्षं चालते. मूळ हातोरी जुंको होरी यांचा. १९८१ साली त्यांनी त्याला आवाज दिला आणि २०१२ मध्ये नवी मालिका आली तेव्हाही पुन्हा त्यांनाच बोलावलं. तीस वर्षांनी तोच पोरगा!

मला मात्र सगळ्यांत थोर वाटतात त्या डोरेमॉन या कार्टूनला आवाज देणाऱ्या नोबुयो ओयामा. शाळेत त्यांच्या घोगऱ्या आवाजाला मुलं हसायची, म्हणून त्यांनी बोलणंच टाकलं होतं. आईनं समजावलं, की लपवलंस तर तो आणखी कमजोर होईल, वापर त्याला. त्या शाळेच्या प्रसारण मंडळात गेल्या. पुढं १९७९ ते २००५ डोरेमॉन त्याच घोगऱ्या गळ्यातून बोलला. डोरेमॉनचा आवाज असा असतो हे आपल्याला आत्ता कळलं, अशी दाद खुद्द त्याच्या जनकानं, फुजिको एफ. फुजिओ यांनी दिली. डोरेमॉन सुटल्यावर बाई घरी बसल्या नाहीत. २०१० साली ‘डांगनरोन्पा’ या गेममध्ये त्यांनी मोनोकुमा केला. शाळेतल्या मुलांना एकमेकांचे खून करायला लावणारं ते नीच अस्वल! दोन पिढ्यांचा लाडका आवाज तिथं खुदुखुदू हसत मुलांचा जीव घेतो. या निवडीला धाडस लागतं. पुढं त्यांना स्मृतिभ्रंशानं गाठलं, २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.

जपानात आवाज देणारे कलाकार बहुधा एका खोलीत, हातात संहिता घेऊन, आळीपाळीनं माईकपुढं येतात. समोरचा चिडला की आपणही चिडतो. आपल्याकडचं डबिंग बरंचसं एकट्याचं. कानात जपानी, पडद्यावर हलणारं तोंड, आणि ते मिटायच्या आत हिंदी वाक्य संपवायचं. ‘हां’, ‘अरे’, ‘पर’ यांची भर घालून जागा भरायची. गेममध्ये अनेकदा चित्रही नसतं. नुसते कागदावरचे संवाद, वर मार लागल्याचं कण्हणं आणि उडीचा हुंकार, तेही पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हांनी.

जपानात भाग संपला की पात्रापुढं आवाजाचं नाव येतं. आपल्या वाहिन्या पुढचा भाग लावायच्या घाईत ती पाटीच बऱ्याचदा कापतात. मेघना एरंडे मुलाखतींमुळं तरी लोकांना ठाऊक झाल्या. हातोरीचा कुत्रा शिशिमारू हिंदीत कोण बोललं, हे आमच्या गल्लीत विचारून बघा. बिदागीचं पुढं बघू, आधी पडद्यावर नाव तरी येऊ द्या.